रोज रात्री साठ बुडबुडे: एका कॅल्शियम रिअॅक्टरचं प्रकरण

दादा रोज रात्री दहा वाजता तळघरात उतरत, घड्याळ लावून बुडबुडे मोजत आणि ते रोज साठ भरत. मिनिटाला साठ. रिअॅक्टरचा पीएच ६.५. वहीत दोन्ही आकडे ओळीने मांडलेले, एका दिवसाचाही खाडा नाही. आणि वर दिवाणखान्यातल्या टँकमधली अॅक्रोपोरा, म्हणजे फांद्याफांद्यांचं प्रवाळ, बुडापासून पांढरी पडत चालली होती.

मी मासे पाळत नाही. ड्युसेलडॉर्फजवळच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. नळ्या, गेज, व्हॉल्व्ह आणि त्यांच्यातून न जाणारे वायू हा माझा रोजचा धंदा. दादा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, मूळचे मालवणकडचे. सप्टेंबरच्या शेवटी त्यांचा फोन आला. "अरे, तुझ्या गॅसच्या कामातलं आहे काहीतरी. चार दिवस नुसता व्हॉल्व्ह पिळतोय. काय ता समजणा नाय." दादा एरवी माझ्याशी मालवणीत बोलत नाहीत. बोलले, म्हणजे मामला गंभीर.

आधी हे यंत्र काय करतं ते सांगतो. इथलं पाणी चुनखडीचं आहे. किटली दोन आठवडे घासली नाही तर तळाला पांढरा थर बसतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि त्याच्या जिवावर विरघळून राहिलेला चुना तळाशी बसतो. कॅल्शियम रिअॅक्टर म्हणजे उलटी किटली. एका बंद नळकांड्यात प्रवाळाची खडी, म्हणजे अॅरागोनाइट, भरायची. त्यातून टँकचं खारं पाणी हळूहळू सोडायचं आणि सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड द्यायचा. तो किती जातोय ते वाटेतल्या काचेत बुडबुडे मोजून कळतं. पाणी आंबट होतं, पीएच ६.५ च्या आसपास उतरतो, खडी विरघळते आणि कॅल्शियम व बायकार्बोनेट घेऊन पाणी थेंबाथेंबाने टँकला परत जातं. प्रवाळ त्यातून आपला सांगाडा बांधतात. ही युक्ती हौशी लोकांत रुजली ती १९९० च्या दशकात, जर्मनीतूनच. ड्युसेलडॉर्फच्या लोबेके संग्रहालयातले रोल्फ हेबिंगहाउस यांचं नाव त्यासाठी घेतलं जातं. दादा हे दर पाहुण्याला सांगतात, जणू हेबिंगहाउस त्यांच्या वाडीतलेच.

दादांच्या टँकमध्ये सम्प, म्हणजे तळघरातली जोडटाकी, धरून ६०० लिटर पाणी. प्रवाळ दिवसाला साधारण १ डीकेएच क्षारता खातात. (क्षारता म्हणजे मुख्यतः तेच बायकार्बोनेट, डीकेएच हे तिचं माप.) रिअॅक्टरमधून मिनिटाला ३० मिलिलिटर पाणी पडावं आणि त्याची क्षारता २२ डीकेएच असावी, असं वर्षभर बसवलेलं गणित होतं. दिवसाचे ४३ लिटर, प्रत्येक लिटरमागे टँकपेक्षा १४ डीकेएच जास्त, म्हणजे सहाशेच्या थोडं वर. खर्च आणि जमा जुळलेले. २ सप्टेंबरला टँकची क्षारता ८.२ होती. १९ तारखेला ६.६.

दादांनी जे केलं ते कुणीही केलं असतं. क्षारता घसरतेय म्हणजे गॅस कमी पडतोय, म्हणून निडल व्हॉल्व्ह, म्हणजे गॅसची धार कमीजास्त करणारी बारीक चावी, थोडा उघडला. सकाळी रिअॅक्टरचा पीएच ६.० आणि खालच्या खडीचा चिखल झालेला. घाबरून त्यांनी निडल आवळला, रेग्युलेटरची मुंडीही थोडी मागे फिरवली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतात तो बुडबुडे साफ बंद. रात्री दहाला उतरले, तर चालू. मंद, पण चालू. पुढचे दोन दिवस हाच खेळ: दुपारी बंद, रात्री चालू. सोलेनॉइड, म्हणजे गॅस चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह, बिघडला असं ठरवून ते नवा मागवण्याच्या बेतात होते.

मी रविवारी पोचलो तेव्हा क्षारता ६.४ होती. पहिली विनंती केली ती ही, की आता कशालाही हात लावू नका. निडल व्हॉल्व्हला एक वाईट खोड असते. तो फिरवला की बिघाडाचा पुरावा पुसला जातो, आणि नंतर कितीही डोकं लावा, मूळ स्थिती परत मिळत नाही. सुदैवाने रेग्युलेटरच्या मुंडीवर मार्करने केलेली जुनी खूण होती.

आधी साध्या गोष्टी

दोन तास अशा तपासण्यांत गेले ज्यातून काही निघणार नाही असं मला वाटत होतं आणि बहुतेक निघालंही नाही. क्षारतेची चाचणी दुसऱ्या कंपनीच्या किटने केली; फरक ०.२ चा. रिअॅक्टरमधला पीएचचा इलेक्ट्रोड काढून ७ आणि ४ च्या बफरमध्ये, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांत, तपासला. अशा इलेक्ट्रोडला ७ आणि १० लावून उपयोग नाही, त्याचं काम सातच्या खाली चालतं. तो ०.१ ने चुकत होता, दुरुस्त केला. सोलेनॉइडला वीज देऊन-काढून पाहिलं: टक्‌ आवाज, नळी सोडून फुंकर, गॅस येतो आणि थांबतो. निर्दोष. रिटर्न पंप (सम्पमधलं पाणी वर टँकला चढवणारा), स्किमर (हवेचा फेस करून पाण्यातली घाण काढणारा), दिवे ठीक.

मग दादांची वही उघडली. तिच्यात सगळं बरोबर होतं, आणि नेमकं तेच खटकलं. रोगी आजारी आणि ताप-नाडी अगदी नॉर्मल, तर मोजणाऱ्याची वेळ तपासावी. दादांच्या सगळ्या नोंदी रात्री दहाच्या.

चहा घ्यायला वर गेलो तर फ्रिजवर वहिनींचं कॅलेंडर टांगलेलं. सकाळी आठला माशांना खाऊ घालायचं काम त्यांचं, आणि जाता जाता त्या तळघरातही डोकावतात. दुधाच्या हिशोबाखाली बारीक अक्षरात ओळी होत्या: "पीएच ६.३, बुडबुडे मंद." चार दिवसांनी पुन्हा तेच. पुढच्या आठवड्यात पुन्हा.

"मी यांना सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. "हे म्हणाले, असं होऊच शकत नाही."

दादांचं म्हणणं तर्काला धरून होतं. गॅस कमी तर पीएच वर जायला हवा. बुडबुडेही कमी आणि पीएचही कमी, हे एकावेळी कसं? म्हणून वहिनींची नोंद चुकीची. पण माझ्या धंद्यात अशी विसंगत नोंद मिळाली की मी मनातल्या मनात पेढे वाटतो. जुळणारे दहा आकडे जे सांगत नाहीत ते न जुळणारा एक सांगून जातो.

मी विचारलं, "सप्टेंबरच्या आधी काय बदललं?" काहीच नाही, असं दोघंही म्हणाले. मग वहिनींना आठवलं. ऑगस्टच्या शेवटी जुना रिटर्न पंप गेला. नवा डीसी पंप आणला, त्याचा वेग कमीजास्त करता येतो. लेकीच्या खोलीच्या भिंतीतून पाण्याची उभी नळी जाते आणि रात्री तिची घरघर ऐकू येई. म्हणून रात्री नऊ ते सकाळी सहा पंप हळू चालेल असं टायमर लावलं. लेक खूश, सगळे विसरले.

गेज लावल्यावर

दादांच्या रेग्युलेटरवर दोन गेज आहेत. एक सिलिंडरचा दाब दाखवतं, दुसरं बाहेर जाणारा, म्हणजे कामाचा दाब. हे दुसरं गेज ० ते १० बारचं. कामाचा दाब एक बारच्याही आत असल्याने काटा शून्याच्या खिळ्याला टेकून बसलेला, त्यावरून काही कळणं अशक्य. मी घरून ० ते १ बारची दोन छोटी गेज नेली होती. एक रेग्युलेटरनंतर तीन तोंडांचा जोड टाकून बसवलं, दुसरं रिअॅक्टरच्या झाकणावर.

रिअॅक्टरला पाणी रिटर्न पंपाच्या नळीवरूनच फांदी काढून दिलेलं आहे, आणि प्रवाह आवळलाय तो बाहेर पडणाऱ्या नळीवर, चिमट्याच्या कॉकने. याचा अर्थ नळकांड्याच्या आत पंपाचा जवळजवळ सगळा दाब भरलेला असतो. टँक वरच्या मजल्यावर, पंप तळघरात, तेव्हा दाब थोडाथोडका नाही. दुपारी गेजने ०.४८ बार दाखवला. दादांनी टायमर हाताने रात्रीवर टाकला, तर ०.३८.

गॅसच्या बाजूला त्या दिवशी, मुंडी मागे फिरवलेली असताना, ०.५० बार होता. वाटेत एक चेक व्हॉल्व्ह आहे, म्हणजे पाणी उलटं गॅसच्या नळीत शिरू नये म्हणून बसवलेलं एकदिशी दार. ते उघडायलाच ०.०५ च्या आसपास दाब खर्च होतो. उरले ०.४५. समोर दिवसा ०.४८. गॅस आत शिरणार कसा? रात्री समोर ०.३८, म्हणून शिरत होता. सोलेनॉइडचा दोष नव्हता. दिवसा दार बाहेरून ढकलायचा जोर आतल्या जोरापेक्षा कमी पडत होता, एवढंच.

हे बिघाडाचं नंतरचं रूप झालं, दादांनी मुंडी फिरवल्यानंतरचं. मूळ रूप पाहायला मुंडी जुन्या खुणेवर आणली. गेज ०.६५. चेक व्हॉल्व्हचे वजा केले तर ०.६०. रात्री ढकलायला उरतो ०.२२ बार, दिवसा फक्त ०.१२. निडल रात्रीच्या दाबावर साठ बुडबुड्यांना बसवला आणि टायमर दिवसावर टाकला. घड्याळ लावून मोजले: ३२.

दादा शांतपणे तिथल्या स्टुलावर बसले.

रात्री नऊला पंप मंदावायचा, दहाला दादा उतरायचे. त्यांनी पाहिलेले साठ खरेच होते, पण ते नऊ तासांचे. उरलेले पंधरा तास त्याच्या निम्मे. जुना पंप चोवीस तास एकाच वेगाने चाले, तेव्हा रात्रीचे साठ म्हणजे दिवसाचेही साठ. त्या दिवसांत लागलेली सवय नव्या पंपाबरोबरही चालू राहिली.

मग पीएच बरोबर कसा?

इथे मीही थोडा अडखळलो. दिवसभर गॅस निम्मा असेल तर पीएच ६.५ च्या वर जायला हवा होता. रात्री दहाला दिसणारा पीएच हा दिवसभराच्या राजवटीचा असतो, कारण ८ लिटरचं नळकांडं मिनिटाला ३० मिलिलिटरने पालटायला साडेचार तास लागतात. तरी तो ६.५ च होता.

मोजपात्र आणि स्टॉपवॉच घेऊन बाहेर पडणारं पाणी मोजलं. ३० नाही, १९ मिलिलिटर. चिमट्याचा कॉक काढून पाहिला तर नळीच्या तोंडाशी आतून पांढरं कडं. किटलीचाच थर! आंबट, चुन्याने भरलेलं पाणी बारीक फटीतून उघड्यावर आलं की कार्बन डायऑक्साइड उडतो आणि चुना तिथेच बसतो. हे दर काही आठवड्यांनी साफ करायचं असतं, आणि पंप बदलण्याच्या गडबडीत ते राहून गेलं होतं.

तर दिवसा गॅस निम्मा आणि पाणीही दोन तृतीयांशाच्या खाली. दर लिटर पाण्यामागे गॅसचं प्रमाण जवळपास पहिल्यासारखंच, म्हणून पीएचही पहिल्यासारखा. दोन बिघाडांनी एकमेकांना सांभाळून घेतलं. लिटरचा दर्जा तोच राहिला, लिटर मात्र ४३ वरून २७ वर आले, आणि लिटर कुणी मोजत नव्हतं. पीएचचा मीटर फोडणी कशी बसली ते सांगतो, भांड्यात भाजी किती आहे ते नाही.

वहिनींची नोंदही मग सरळ लागली. रात्रभर साठ बुडबुडे आणि पाणी कमी, म्हणून सकाळपर्यंत पीएच ६.३ वर उतरलेला. सहाला पंप वेगात येतो, बुडबुडे लगेच मंदावतात, पण नळकांड्यातलं पाणी पालटायला आता सात तास लागतात. आठ वाजता पीएच रात्रीचा आणि बुडबुडे दिवसाचे. दोन्ही आकडे खरे. दादांनी ६.० चा चिखल केला तोही याचमुळे: निडल उघडला तेव्हा रात्रीचा दाब होता.

दुसरा चोर

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवं होतं. पण वहिनींनी सहज सांगितलं, की यंदा सिलिंडर फार लवकर संपला. २ किलोचा, नऊ आठवड्यांत. पूर्वी सहा महिने जाई.

सिलिंडरच्या गेजवरून हे कधीच कळलं नसतं. कार्बन डायऑक्साइड आत द्रवरूपात असतो. तळघरातल्या १८ अंशाला काटा ५४ बारच्या आसपास थांबतो, मग आत दोन किलो असो की एक. शेवटचा थेंब द्रव संपला की मगच तो खाली धावतो. (तेव्हा काही स्वस्त एकटप्पी रेग्युलेटर उलट जास्त दाब सोडतात आणि रिकामा होता होता सिलिंडर टँकमध्ये गॅस ओततो. तो वेगळा किस्सा.) खरा हिशोब वजनाचा. भारतात जाताना बॅगा तोलायला घेतलेला वहिनींचा लटकता काटा १० ग्रॅमपर्यंत दाखवतो. सिलिंडर रेग्युलेटरसकट तोलून ठेवला, चार दिवसांनी पुन्हा तोलला. १३० ग्रॅम कमी.

किती कमी व्हायला हवे होते? बुडबुड्याचं आकारमान काढायला नळी रिअॅक्टरवरून सोडून पाण्यात उपड्या केलेल्या मोजपात्राखाली धरली. वीस बुडबुड्यांचा एक मिलिलिटर. म्हणजे मिनिटाला साठ बुडबुड्यांनी दिवसाचे ८ ग्रॅम, असं मी फोनवर दादांना छातीठोक सांगून बसलो. रात्री अंथरुणावर लक्षात आलं की मोजताना नळी उघड्या हवेत होती. कामात असताना बुडबुडा ०.४ बार जास्त दाबाखाली असतो, तेवढ्याच आकारात १.४ पट गॅस दाबून बसलेला. खरा आकडा ११ ग्रॅमचा. सहा महिन्यांच्या जुन्या अनुभवाशी तोच जुळतो. बुडबुडे मोजून आपण आकारमान मोजतो, गॅस नाही. हे इन्स्ट्रुमेंटवाल्याला रात्री आठवावं याची लाज वाटली.

सध्याच्या निम्म्या-अर्ध्या चालीने दिवसाला ८ ग्रॅम खर्च. सिलिंडर हरवत होता ३२. उरलेले २४ ग्रॅम कुठे तरी गळत होते, आणि तेही बुडबुड्यांच्या काचेच्या आधी, नाहीतर ते मोजणीत दिसले असते.

याची चाचणी अगदी सोपी, आणि कुणी का करत नाही कोण जाणे. सोलेनॉइड बंद करायचा, सिलिंडर उघडून गेज वर आलं की सिलिंडरची चावी बंद करायची आणि झोपायला जायचं. रेग्युलेटरमधली जागा एवढीशी असते की मुंगीएवढी गळतीही सकाळपर्यंत काटा पाडते. सकाळी काटा शून्यावर. भांड्यांच्या साबणाचं पाणी ब्रशने लावलं, तर सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या जोडाच्या नटाखालून बारीक फेस. इकडे हा जोड डब्ल्यू २१.८ आट्यांचा असतो, आत एक सपाट वायसर. सिलिंडर बदलताना तोच जुना वायसर तिसऱ्यांदा वापरला होता. काढला तर त्यावर दाबाच्या दोन वर्तुळाकार खुणा, एकमेकींना छेदणाऱ्या. नवा टाकला, काटा सकाळपर्यंत जागचा हलला नाही. हातासरशी सिलिकॉनची नळीही काढून पॉलियुरेथेनची टाकली. सिलिकॉनमधून कार्बन डायऑक्साइड पाझरतो. नळी मऊ आणि वळवायला सोपी म्हणून लोक तीच घेतात.

गळतीच्या बाबतीत मी दादांना जरा कडक बोललो. टँकच्या नुकसानीचं सोडा. दादांचं ते तळघर साधारण १८ घनमीटरचं, खिडकी थंडीमुळे बंद. रोजचे २४ ग्रॅम म्हणजे १३ लिटर वायू. हवा खेळती नसेल तर दिवसाला सातशे पीपीएमची भर. जर्मनीत कामाच्या जागेची मर्यादा ५००० पीपीएम आहे. टँकचा पीएच ८.१ वरून ७.८ वर आला होता त्यातही याचा वाटा असणार, कारण स्किमर तळघरातलीच हवा ओढतो. आणि समजा जोड एकदम सुटलाच असता, तर दोन किलोचा एक घनमीटरहून थोडा जास्त वायू होतो. त्या खोलीत सहा टक्क्यांच्या घरात. एवढ्यात डोकं ठणकतं, धाप लागते. दहा टक्क्यांत माणूस शुद्ध हरपून पडतो. हा वायू हवेहून जड, खाली साचतो आणि त्याला वास नाही. दादा बुडबुडे मोजायला तिथे स्टुलावर वाकून बसतात. आता हातभर उंचीवर एक कार्बन डायऑक्साइडचा अलार्म टांगलाय. मोनॉक्साइडचा अलार्म घरात होता म्हणून त्यांना आधी तो पुरेसा वाटला होता. तो या वायूला ओळखत नाही.

काय बदललं

एका वेळी एकच बदल आणि मध्ये तीन-चार दिवस, ही अट मी घातली. दादांना ती जाचक वाटली.

वायसर पहिला. पुढच्या चार दिवसांत सिलिंडर ३० ग्रॅमने हलका झाला, हिशोबाप्रमाणे.

मग नळीचं तोंड. किटलीसाठी असलेल्या सायट्रिक अॅसिडमध्ये अर्धा तास बुडवलं, पांढरं कडं गेलं, प्रवाह पुन्हा ३० वर बसवला. चिखल झालेली दीडदोन लिटर खडी काढून टाकली, उरलेली धुतली, नवी भरली. (खडी दुकानातून विकत घेतलेली. दादांचा पुतण्या म्हणे गंमतीत म्हणाला होता, मालवणच्या किनाऱ्यावरून गोणीभर पाठवतो. भारतात सगळे खडकाळ प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाहून आलेला मेलेला तुकडाही उचलायचा नाही, असं वहिनींनीच त्याला सुनावलं.)

मुख्य बदल तिसरा: कामाचा दाब ०.६५ वरून २ बारवर नेला आणि निडल त्या मानाने आवळला. लोकांना हे उलटं वाटतं. थोडासाच गॅस हवाय तर दाबही थोडाच ठेवावा, असं मन सांगतं. पण मागचा दाब समोरच्याच्या जेमतेम वर असेल, तर समोर जरा काही हललं की ढकलणारा फरकच निम्मा होतो. मागे २ बार असतील तर समोर ०.३८ आहे की ०.४८ याने १.५७ आणि १.४७ एवढाच भेद. शिवाय निरपेक्ष दाबात, म्हणजे भोवतालच्या हवेचा एक बार धरून, मोजलं तर समोरचा दाब मागच्याच्या निम्म्यावर येतो, आणि त्याच्या आसपास बारीक भोकातून जाणारा वायू समोरची फारशी दखलच घेईनासा होतो. दिवसा ६० वर बसवले, रात्री ६६ भरले. त्या सहातलेही बरेचसे रात्री दाब कमी असल्याने बुडबुडा फुगल्याचे. यासाठी निडल व्हॉल्व्ह मात्र खरोखर बारीक आट्यांचा लागतो. दादांचा पहिला, रेग्युलेटरसोबत फुकट आलेला, २ बारवर केसभर फिरवला की वीस बुडबुडे उडी मारी. तो बदलावा लागला आणि या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा खर्च तोच.

टँकची क्षारता तोवर हाताने वर आणली. ६०० लिटरला १ डीकेएच चढवायला १८ ग्रॅम खायचा सोडा पुरतो. साधा सोडा, बेकिंग पावडर नव्हे. दादा एका दिवसात ८ वर न्यायला निघाले होते. उपाशी माणसाला श्रीखंड वाढू नये. पाच दिवसांत मिळून २५ ग्रॅम घातला, रोज विरघळवून, सम्पमध्ये हळूहळू. ६.४ ची ७.८ झाली.

नोव्हेंबरात दादांनी चोवीस तास चालणारा पेरिस्टाल्टिक पंप, म्हणजे मऊ नळी दाबत दाबत पाणी पुढे सारणारा, घेतला आणि रिअॅक्टरचं पाणी रिटर्नच्या फांदीवरून तोडून त्याच्यावर दिलं. आता पाणी मोजून आत ढकललं जातं आणि बाहेरची नळी मोकळी, तिच्यावर कॉक नाही. नळकांड्यातला दाब जवळजवळ शून्यावर आला, रिटर्न पंप रात्री झोपो की जागो. त्या दिवशी निडल पुन्हा बसवावा लागला, हे सांगायला नकोच. बाहेरच्या नळीवर चुकूनही कॉक लावायचा नाही हे मी टेपवर लिहून चिकटवलंय. हा पंप अडथळ्याला जुमानत नाही, नळी उखडेपर्यंत ढकलत राहतो.

पांढऱ्या पडलेल्या अॅक्रोपोरांपैकी दोन वसाहती गेल्या. तिसरीची शेंडे शाबूत असलेली बोटं तोडून दादांनी खडकाला चिकटवली, त्यांनी बूड धरलंय. माँटिपोरा या दुसऱ्या प्रवाळाला काहीच झालं नव्हतं.

वहीत आता दोन रकाने आहेत, सकाळ आणि रात्र, आणि सकाळचा वहिनींच्या अक्षरात. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा मिनिटाचा आकडा रविवारी लिहिला जातो, सिलिंडरचं वजन महिन्याच्या एक तारखेला. एक गोष्ट अजून सुटलेली नाही. आठ-दहा दिवसांनी नळकांड्याच्या माथ्यावर न विरघळलेल्या वायूचा फुगा साठतो आणि आतला फिरता पंप गुरगुरायला लागतो. झाकणावरचा छोटा कॉक उघडून दादा तो सोडून देतात, मग पुन्हा आठवडाभर शांत. हवेचा फुगा असेल तर पाणी आत येणाऱ्या बाजूला कुठे तरी हवा ओढली जातेय, कार्बन डायऑक्साइडचा असेल तर अजून थोडा जास्त दिला जातोय. पुढच्या वेळी गुरगुरलं की फुगा सोडायच्या आधी मला फोन करा, असं सांगून ठेवलंय. तो वायू चुन्याच्या निवळीतून सोडून पाहायचा आहे.